स्वतःचं दुःख अजून ताजं असलेल्या ताईंना बैठक चालवू द्यावी का?

बोरीकाठची

नमस्कार मंडळी. अमळनेर तालुक्यातल्या एका गावात आम्ही काही जण एक रविवार सोडून बैठक घेतो. घरातलं माणूस गेलेले लोक येतात. कोणी बोलतं, कोणी नुसतं बसतं. नोंदणी नाही, वर्गणी नाही. विठ्ठल मंदिराचा मंडप, सतरंज्या आणि चहा, एवढ्यावर चालतं. मी शिवणकाम करते. ब्लाउजचं माप देता देता बाया मन मोकळं करतात, त्यामुळे ऐकायची सवय मला आधीपासून होती.

आपल्याकडे मयत झाली की लोक दारावर येतात, ओटा रिकामा राहत नाही. माझे मालक २०२० च्या सप्टेंबरमध्ये गेले तेव्हा अंत्ययात्रेला फक्त वीस माणसांना परवानगी होती, आणि नंतरही कोणी दारावर आलं नाही. पुढची आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, १४ मे २०२१ ला आली, ती पण लॉकडाऊनमध्येच. बाजार बंद, नवी घागर मिळेना. घरातलीच धुऊन भरली, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या. आगारी टाकताना, म्हणजे पितरांच्या नावाने विस्तवावर घास टाकताना, हात थरथरत होता. भिंतीपलीकडून शेजारची अक्का म्हणाली, "मी शे ना आठे." म्हणजे, मी आहे ना इथे. ती दिसत नव्हती, पण मला बसायला बळ आलं. पुढे अक्का आणि मी मिळूनच बैठक सुरू केली.

आता अडचण. गेल्या पावसाळ्यात एक ताई आमच्याबरोबर काम करू लागल्या. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला, त्याला आता आठ महिने झाले. सगळ्यांच्या आधी येतात, झाडतात, सतरंज्या टाकतात. माझा त्यांच्यावर फार जीव आहे. दीड महिन्यापूर्वी एक नवी आई आली. तिची मुलगी जाऊन तेव्हा जेमतेम तेवढेच दिवस झाले होते. मुठीत मुलीची केसांची क्लिप होती, इतकी घट्ट धरलेली की तळहातावर दात उमटले होते. ती म्हणाली, "ती शाळेतून आली की आधी..." आणि आमच्या ताई म्हणाल्या, "मला समजतं हो, माझ्या मुलाचंही असंच..." मग वीस-पंचवीस मिनिटं त्याच बोलत राहिल्या, रडत राहिल्या. त्या आईने क्लिप पिशवीत ठेवली. चहावर साय धरली होती, तो तसाच ठेवून ती उठून गेली. त्यानंतरच्या दोन बैठकांना आली नाही.

त्या दिवशी बैठक माझ्याकडे होती. मी थांबवायला हवं होतं, थांबवलं नाही. ताईंना "तुम्ही जरा थांबा" सांगायचं म्हटलं तर शब्द घशात अडकतात. त्यांना जायला हे एकच दार उघडं आहे. काय करू?

आणखी एक. आमचे निवृत्त गुरुजी फळ्यावर दुःखाच्या पाच पायऱ्या काढतात: नकार, राग, घासाघीस, खचणं, स्वीकार. लोक मला विचारतात, मी कितव्या पायरीवर आहे? हे बरोबर आहे का?

पांझरा_धुळे

बोरीकाठच्या ताई, मी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक होतो, आता निवृत्त आहे. थांबवता आलं नाही हे तुम्ही उघड लिहिलंत, त्यावरूनच बैठक चांगल्या हातात आहे हे कळतं.

माझं मत स्पष्ट आहे. बैठक चालवणाऱ्याच्या अंगावरून निदान एक पूर्ण वर्ष जाऊ द्यावं. पहिली आखाजी, पहिली दिवाळी, मुलाचा वाढदिवस, वर्षश्राद्ध, या सगळ्या तारखा एकदा भोगून झाल्या पाहिजेत. हा कुठला कायदा नाही, पाहून पाहून आलेली समज आहे. आठव्या महिन्यात माणूस दुसऱ्याचं ऐकायला बसतं आणि ऐकू स्वतःचंच येतं. त्यात त्यांचा दोष नाही.

प्रत्येक बैठकीला दोन जण ठेवा. एकाने बोलणं सांभाळायचं, दुसऱ्याने फक्त चेहरे बघायचे. कोणी मध्येच आपली कहाणी सुरू केली की दुसऱ्याने हळूच म्हणायचं, "तुमचंही ऐकणार आहोत. आधी यांचं पूर्ण होऊ दे." हे वाक्य घरी मोठ्याने म्हणून बघा, नाहीतर वेळेवर तोंडातून निघत नाही. लोक गेल्यावर चालवणाऱ्यांनी पंधरा-वीस मिनिटं आपसात बसायचं. आज कोणाचं बोलणं अंगावर आलं, एवढंच विचारायचं. हे टाळलं की चांगली माणसं दोन वर्षांत थकून निघून जातात. मी असे तीन गट बंद पडताना पाहिलेत.

पाच पायऱ्यांचं सांगतो. मनोविकारतज्ज्ञ डॉ. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या. सगळे त्याच क्रमाने जातात असं नसतं. फळा पुसायला सांगा, पण गुरुजींना एकट्यात सांगा. मला त्यापेक्षा १९९९ मधली श्ट्रोब आणि शूट या दोन मानसशास्त्रज्ञांची मांडणी जवळची वाटते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे माणूस येरझारा घालतं, थोडा वेळ दुःखात, थोडा वेळ घरकाम-शेत-पोरंबाळं यांत, पुन्हा दुःखात. कापूस वेचता वेचता हसणारी विधवा संध्याकाळी रडते, तेव्हा तिचं काही बिघडलेलं नसतं.

एक गोष्ट मात्र सोडू नका. "मलाही त्याच्याकडे जायचंय" असं कोणी म्हणालं तर सरळ विचारा, जीव द्यावा असं मनात येतं का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणालं तर एकटं सोडू नका, घरच्यांना विश्वासात घ्या, जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात बरोबर जा. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. मंडपातल्या खांबावर लिहून ठेवा.

रावेरचा_केळीवाला

दादांचं पटतं, पण वर्षाचा नियम इतका कडक नको. माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा मला सावरलं ते तीन महिन्यांपूर्वी बाप गेलेल्या एका पोराने. बागेत केळीचे घड उतरवताना तो शेजारी उभा राहायचा. शहाणपणाचा एक शब्द बोलला नाही. जखम ताजी असणं वाईट नाही. बोलत सुटणं वाईट. ताईंना बंदी घालू नका, गप्प बसायला शिकवा.

साक्रीची_माय

ताईंना काढू नका, काम बदला. आमच्याकडे एक वही आहे. गेलेल्या माणसाची तारीख, वाढदिवस, पहिली आखाजी, कानबाईचा पहिला सण, सगळं त्यात लिहितो. त्या दिवशी कोणीतरी फोन करतं, नाहीतर दारावर जाऊन येतं. पंधरा दिवस माणसांनी भरलेलं घर नंतर ओस पडतं, आणि खरी गरज तेव्हा असते. तुमच्या ताई सगळ्यांच्या आधी येतात म्हणता, तर ही वही त्यांना द्या. पोरगं गेलेली आई तारीख विसरणार नाही.

आणि तुम्ही त्या क्लिपवाल्या आईकडे जा. फोन नको, जा.

बोरीकाठची

सगळ्यांचं वाचलं. उत्तर द्यायला उशीर झाला.

ताईंकडे गेले. त्यांचा ब्लाउज शिवून झाला होता, तो घेऊन गेले. जे झालं ते झालं तसं सांगितलं, आणि त्या दिवशी मीच थांबवायला हवं होतं हेही सांगितलं. बराच वेळ त्या काज-बटणांवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग मी कुठे बोलू?" हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. सतरंज्या टाकायला लावत होते आणि त्यांनाच सतरंजीवर बसवायचं राहून गेलं होतं. म्हटलं, वर्षश्राद्धापर्यंत तुम्ही बैठकीला या, बोलायला. चालवायचं नंतर बघू. त्या रागावल्या. पुढच्या रविवारी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या बैठकीला आल्या, खांबाजवळ बसल्या आणि मुलाबद्दल बोलल्या. अक्काने ऐकलं, मी चेहरे बघत होते.

क्लिपवाल्या आईच्या दारावरही गेले. ओट्यावर बसून विचारलं, "तुनी पोरनं नाव काय व्हतं?" तिने नाव सांगितलं आणि मग दिवेलागणीपर्यंत सांगतच राहिली. येते असं म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. निघताना तिने माझ्या हातात डब्यात बांधून शेवभाजी दिली.

वही आणली आहे. पहिल्या पानावर ताईंनी तीन तारखा लिहिल्या. त्यांतली एक त्या मुलीच्या वाढदिवसाची आहे, येत्या गुरुवारची. त्या दिवशी ताई आणि मी दोघी जाणार आहोत.