मदत हवी आहे : त्सो मोरीरीला स्टोव्हचा गॅस

सप्टेंबरमध्ये मुंबईहून आम्ही चौघे. लेहला ३ रात्री थांबून मग लडाखमधल्याच त्सो मोरीरी तळ्याकाठच्या कोरझोक गावाजवळ २ रात्री तंबूत. तळं रामसार स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, त्यामुळे तंबू काठापासून लांबच. परमिट, गाडी, पोस्टपेड सिम झालं. तळ्याचं पाणी मचूळ, म्हणून पिण्याचे कॅन सोबत.

अडलंय गॅसवर. कॅनिस्टर (कॅम्पिंग स्टोव्हच्या गॅसचा छोटा डबा) विमानात नेता येत नाही, चेक-इनमध्येसुद्धा. नुसतं ब्युटेन शून्याखाली धड पेटत नाही, आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणच हवं. साडेचार हजार मीटरवर पाणी साधारण ८५ अंशांनाच उकळतं, म्हणून छोटा कुकर घेतोय. लेहमधल्या दोन दुकानांना फोन केले. 'आल्यावर बघा' एवढंच उत्तर.

स्क्रूची २३० ग्रॅमची कॅनिस्टर तिथे नक्की कुठे मिळतील, आणि चौघांच्या चहा-खिचडीला २ पुरतील की ३ घ्यावीत?