लिकर, लिकर आणि मुरवणं

पार्काची पोर: एका इटालियन कृतीचा अनुवाद करतेय, लिमोनचेल्लोचा. लिंबाची नुसती पिवळी साल कडक स्पिरिटमध्ये काही आठवडे ठेवायची, गाळायची, साखरेचा पाक घालायचा, फ्रीझरमध्ये गार करून छोट्या ग्लासातून प्यायची. कृती सोपी आहे, घोडं अडलंय नावाशी. इंग्रजीत एकूण दारूला एक शब्द आणि या गोड, सुवासिक प्रकाराला दुसरा. देवनागरीत आणले की दोन्हींचं 'लिकर' होतं. 'घरगुती लिकर' असं शीर्षक सासूबाईंना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "म्हणजे हातभट्टी?" वेगळा मराठी शब्द आहे का?

चाळ क्र. चार: हातभट्टी कशी होईल? तिथे आंबवतात, मग उकळून वाफ गार करतात. तुमच्याकडे दारू दुकानातून आयती आलीय, त्यात साल फक्त मुरतेय. 'मुरवलेली दारू' म्हणा.

शुद्धमती: 'लिंबासव'. छोटा, गोड, आपला.

काढेवाला: लिंबासव नको हो! आसव आंबवून होतं. द्राक्षासवात धायटीची फुलं घालतात ती त्यासाठीच. मद्य आतच तयार होतं, बाहेरून ओतत नाहीत. गार पाण्यात भिजवलं तर हिम, गरम पाण्यात फांट, उकळून आटवलं तर काढा. वॉडकात भिजवलं तर लिमोनचेल्लो!

शुद्धमती: मग 'लिंबार्क'.

काढेवाला: अर्क म्हणजे वाफ गार करून थेंबथेंब गोळा केलेला. पुन्हा हातभट्टीच झाली की.

चाळ क्र. चार: शिवाय हा 'अर्क' अरबी, मूळ अर्थ घाम. भांड्याला घाम फुटतो ना, तसे थेंब. सूर्य म्हणजे जो अर्क, तो संस्कृत, त्याचा याच्याशी संबंध नाही.

शुद्धमती: सगळंच अरबी-फारसी ठरवायचं असेल तर चर्चा कशाला?

चाळ क्र. चार: 'दारू' फारसीच आहे, ताई. मूळ अर्थ औषध. 'दवादारू' तुम्हीही म्हणत असाल. आणि आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. परमिट मागणाऱ्याला 'लिंबासवासाठी हवंय' म्हणून सांगून बघा.

वसईकरीण: आमच्याकडे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या ख्रिस्ती, घरांत खिमाड करतात. दारूत साखर आणि दालचिनीसारखे मसाले घालून, गरम गरम प्यायचं. लग्नाच्या आदल्या रात्री मोठी माणसं स्वयंपाकघरात का घुटमळतात ते मला फार उशिरा कळलं. खिमाडचा कुणी अनुवाद केला नाही, लिमोनचेल्लोचाही करू नका.

पार्काची पोर: नाव तेच ठेवतेय, वसईकरीणबाई. पण प्रस्तावनेत 'हा एक प्रकारचा ____' असं वाक्य आहे, तिथे काय भरू? आणि सालीचं काय? नुसतं 'साल किसा' लिहिलं तर लोक पांढऱ्यापर्यंत किसतील.

शुद्धमती: 'सालगंध'.

बोटीवरचा: सालगंध वगैरे राहू द्या. 'पिवळं तेवढंच किसा, पांढरं लागू देऊ नका' असं लिहा. मी पांढऱ्यासकट घातलं होतं. सहा आठवड्यांनी बाटली उघडली तर कडूजहर. शेवटी त्या दारूने बाथरूमची फरशी पुसली. सुगंधी तेल पिवळ्या भागातल्या बारीक पिशव्यांत असतं. नेपल्सला बोट लागली की आणायचो, ती लिंबं जाड सालीची. दादरच्या मंडईतलं कागदी लिंबू नावाप्रमाणेच पातळ, जरा हात जड पडला की पांढरं आलंच. ईडलिंबू मिळालं तर बघा. आणि तिकडचं स्पिरिट ९५ टक्क्यांपर्यंत असतं, आपली वॉडका ४२.८. तेल हळू उतरतं, घाई नको.

पार्काची पोर: 'तेल उतरतं' हे छान! घेते.

चाळ क्र. चार: पण क्रिया 'मुरणं'च. लोणचं मुरतं, मुरंबा मुरतो...

काढेवाला: मुरंबा 'मुरतो' म्हणून मुरंबा नव्हे! अरबी मुरब्बा, फारसीमार्गे आलेला. तो आवळ्याचाही होतो, गाजराचाही.

शुद्धमती: अहो, मुरलेला आंबा तो मुरंबा. गुळाचा गुळांबा, साखरेचा साखरांबा. शेंबड्या पोराला कळेल.

काढेवाला: शेंबड्या पोराला कळतात त्याच व्युत्पत्ती बहुतेक चुकीच्या असतात. लोकांना मुरब्ब्यात आंबा ऐकू आला आणि त्यांनी तो सोयीने तोडला.

वसईकरीण: आता मुरंबा! आज जेवणात काय ते सांगा, तेवढंच राहिलंय.

शुद्धमती: मग मोरावळा कुठून आला? त्यात 'मोर' कोण?

चाळ क्र. चार: लांडोरीचा नवरा.

पार्काची पोर: मजकूर आज संध्याकाळी द्यायचाय. 'पिवळी साल वॉडकात मुरत ठेवा, तेल उतरू द्या' असं केलंय. गाळलेल्यात पाक घातला की ते दुधट दिसतं, तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगतात म्हणून. तिथे 'गढूळ' लिहिलं होतं, सासूबाईंनी खोडून 'धुरकट' केलं. 'हा एक प्रकारचा ____' अजून रिकामाच आहे.

बोटीवरचा: पेय लिहा की.

शुद्धमती: पेय तर उसाचा रसही आहे. आणि काढेवाले, मोरावळ्याचं उत्तर आलेलं नाही.