मदत हवी आहे: 'फिलिबस्टर'ला मराठीत काय म्हणाल?

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत डॅलसजवळ राहतो. वहिनीच्या बाळंतपणासाठी आई सांगलीहून आलीय. इथल्या बातम्या पाहून तिने विचारलं, "आपल्याकडे 1971 पासून गर्भपाताचा कायदा आहे, यांच्याकडे देशभराचा एक नाही?" समजावता समजावता मीच अडकले. आता आमच्या भिशीतल्या बायकांसाठी मराठीत एक पान लिहितेय.

जून 2022 मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, तेव्हापासून प्रश्न राज्यांच्या हाती. देशभर हा हक्क कायद्याने देण्यासाठी 'विमेन्स हेल्थ प्रोटेक्शन ॲक्ट' हे विधेयक होतं. सप्टेंबर 2021 मध्ये खालच्या सभागृहात 218 विरुद्ध 211 मतांनी पास झालं, वरच्या सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये अडलं. मे 2022 मध्ये बाजूने 49, विरोधात 51. पण चर्चा थांबवून पुढे जायलाच 60 लागतात! आईला वाटलं, कोणीतरी रात्रभर भाषण ठोकत असेल. हल्ली तेवढेही कष्ट नसतात.

तर चर्चा संपू न देता विधेयक अडवण्याच्या या प्रकाराला, म्हणजे 'फिलिबस्टर'ला, सुटसुटीत शब्द सुचवा. 'चर्चाकोंडी' कसा वाटतो?

दुसरं, 'व्हायबिलिटी'. गर्भ बाहेर तगू शकेल तो टप्पा, एवढं लांबलचक लिहू का?

आणि आपला 'गर्भपात' आपोआप झालेल्यालाही चालतो, करवून घेतलेल्यालाही. 'गर्भसमापन' लिहिलं तर आई म्हणते, "समापन सत्यनारायणाचं असतं गं." तिच्या तोंडी 'पिशवी साफ करणं', ते छापवत नाही.

शनिवारपर्यंत पान द्यायचंय. कायदा हवा की नको यावर इथे भांडू नका, प्लीज.