कमान झकास, माणसं गायब: एचिंगमध्ये काय चुकलं?

पत्रा_घासणारी
अठराव्या शतकातला इटालियन एचिंगकार पिरानेसी, त्याची रोमची दृश्यं बघून मीही हात मारला. मेण चढवलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईनं चित्र ओढलं: भली मोठी कमान, खाली फेरीवाले, घोडागाडी आणि पायरीवर झोपलेला म्हातारा. एकट्या म्हाताऱ्यावर दोन संध्याकाळी गेल्या. पत्र्यात शाई भरून कागदावर ठसा काढला तर कमान छान उठलेली, आणि म्हाताऱ्याच्या जागी कुणीतरी शाईचं बोट पुसल्यासारखं दिसतंय. रेषा तेवढ्याच निगुतीनं ओढल्या होत्या हो! उघड्या रेषांतलं तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये पत्रा एकदाच बुडवला, 25 मिनिटं.

नुसती_सुई
“एकदाच” इथेच घोटाळा झाला. सुईनं फक्त मेण निघतं, रेष किती काळी ते पुढे आम्ल ठरवतं. तुमच्या विटा आणि म्हातारा सारखेच खोल खाल्ले गेले, मग विटांच्या गर्दीत तो बुडणारच. आधी थोडा वेळ बुडवा, काढा, धुवा, वाळवा. दूरची कमान वॉर्निशनं झाका, म्हणजे तिथं आणखी खाल्लं जाणार नाही, आणि पुन्हा बुडवा. पुढची माणसं शेवटपर्यंत उघडी ठेवायची. आणि त्यांच्या मागे कोरा कागद सोडा, सगळीकडे रेघोट्या कशाला?

जुने_ठसे
वरच्यांशी सहमत, पण मापाचंही बघा. पिरानेसी माणसं मुद्दाम बारकी काढायचा, म्हणजे भिंती आणखी अंगावर येतात. तरी ती हरवत नाहीत, कारण त्यातलं कुणी सरळ उभं नसतं. हातवारे, वाकलेल्या पाठी, फाटके कपडे. पॅरिसचा एचिंगकार मेर्यों यानं तर 1850 च्या ‘पेती पाँ’ (छोटा पूल) या चित्रात नोत्र-दाम चर्चचे बुरुज पाण्याजवळून दिसतात त्याहून उंच चढवले. त्याचं 1854 चं ‘शवागार’ जरूर बघा. नदीतून काढलेलं प्रेत उचलून नेतायत आणि वर कठड्यावर बघ्यांची रांग. इमारतीपेक्षा मला ती रांगच जास्त भिववते.
(तुमचा म्हातारा झोपलाय ही जरा पंचाईतच आहे.)

पत्रा_घासणारी
झोपू द्या हो त्याला, दमलाय. मेण पुन्हा चढवायचं धाडस झालं नाही. त्याच्यामागच्या विटा पत्र्यावरून स्क्रेपरनं (धारदार पात्यानं) खरवडल्या, बर्निशरनं (गुळगुळीत करायच्या हत्यारानं) घासल्या, मनगट गेलं कामातून. आज दुसरा ठसा काढला. विटांच्या चार ओळी गेल्या, पण गुडघा आणि टोपी दिसतेय. घोडागाडीचं मात्र अजून गाठोडंच आहे.

नुसती_सुई
गाडीची चाकं नव्या पत्र्यावर. या पत्र्याला आता सोडा.