पद्मिनीला शंकूचा फिल्टर लावला आणि गाडी रुसली

परळकर: बाबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी. एअर फिल्टरचा मूळ डबा तळाशी गंजून चाळण झालेला, म्हणून कुर्ल्याला सीएसटी रोडवरून शंकूच्या आकाराचा फिल्टर आणला आणि क्लिपने आवळला. आवाज झकास येतो! पण माहीम कॉजवेवर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की आचके देते. टॅपेट कव्हरवरून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावरून, डब्यात जाणारी रबरी नळीही आता नुसतीच लोंबतेय. तिचं काय करू?

गिरगावचा काका: अरे, आधी स्पार्क प्लग काढून बघ. टोक पांढरंफटक असेल तर हवा जास्त, पेट्रोल कमी. कार्ब्युरेटरमधला मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी जेट, एक नंबर मोठा टाक. आणि ती नळी बोळा कोंबून बंद करू नकोस हं! इंजिनातली तेलकट वाफ तिथून बाहेर पडते. कोंडली तर सीलमधून तेल गळणार.

परळकर: काका, चारही पांढरे!

मुलुंडवाला: उघडा शंकू बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की गाडी मलूल. शिवाय पावसात दादरच्या हिंदमाताला तुंबलेलं पाणी उडालं की फिल्टर भिजलाच म्हणून समजा. मी सहा महिन्यांत काढून टाकला. तो डबा पत्र्याचाच आहे, पॅच मारून घ्या.

परळकर: डबा माळ्यावर आहे. आईने त्यात कांदे ठेवलेत. रविवारी उतरवतो.