टार्पसाठी हलकी ताणदोरी: पॅराकॉर्ड काढून काय लावावं?

घाटवाट_०७ :
३ बाय ३ मीटरचा सिलनायलॉनचा (सिलिकॉन लावलेल्या नायलॉनचा) टार्प, म्हणजे छतासारखी बांधायची ताडपत्री आहे. कडेला आठ लूप: रिजची (मधल्या उंच कण्याची) दोन टोकं, चार कोपरे, बाजूंच्या मध्यावर एकेक. सगळीकडे ४ मिमी पॅराकॉर्ड (आवरण असलेली नायलॉनची दोरी) लावलेली आहे. वापर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हरिश्चंद्रगड-रतनगडाच्या पट्ट्यात, बहुतेक वेळा दोन ट्रेकिंग पोलवर 'ए' आकारात. अडचणी तीन. दोऱ्यांचं वजन नको इतकं होतं. दव पडलं की पहाटेपर्यंत टार्पला झोळ येतो. आणि सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) पेग, म्हणजे खुंट्या, ठोकायला मातीच नसते. १.७५ मिमीची डायनिमा (बारीक पण फार बळकट पॉलिथिलीनची दोरी) घ्यावी असा विचार आहे. एवढी बारीक दोरी वाऱ्यात टिकेल का? गाठी कोणत्या माराव्यात?

दोरखंड :
आधी टिकण्याचं बोलू. समोरून ताशी ६० किमी वारा आला तर चौरस मीटरला साधारण साडेसतरा किलो दाब येतो (४० किमीला पावणेआठ, वारा दुप्पट झाला की दाब चौपट). तुमच्या टार्पची एक उतरती बाजू ३ बाय १.५, म्हणजे साडेचार चौरस मीटर. तिच्यावर ७८ किलो आले, आणि ते त्या बाजूचे दोन कोपरे, मधला लूप आणि रिजची दोन टोकं अशा पाच जागी वाटले गेले. ढोबळमानाने एका दोरीला १६ किलो. झटक्यांसाठी दुप्पट धरा, ३२.

साध्या २ मिमी पॉलिएस्टर दोरीची ताकद ८० किलोच्या आसपास असते. गाठीपाशी ती निम्म्यावर आली तरी ४० उरतात. पॅराकॉर्डचे २५० किलो इथे कुठेच खर्च होत नाहीत, त्याच्या कितीतरी आधी पेग उपटतो किंवा लूपची शिवण उसवते. त्यामुळे दोरी ताकद बघून निवडू नका. ती किती ताणते, गाठ धरते का आणि थंडीत बोटांना सापडते का, हे बघा.

वजनाचा हिशेब: रिजला ४ मीटरच्या दोन, कोपऱ्यांना २.३ मीटरच्या चार, मधल्या लूपना दीड मीटरच्या दोन, मिळून २० मीटर. पॅराकॉर्ड मीटरला साडेसहा ग्रॅम धरली तर १३० ग्रॅम, २ मिमी पॉलिएस्टर ६० ग्रॅम, १.७५ ची डायनिमा ३० ग्रॅम. खरी बचत पॅराकॉर्ड सोडण्यात आहे. पुढचे ३० ग्रॅम वाचवायला डायनिमा घ्यायची, तर तिच्या गाठींची कटकटही घ्यावी लागते.

कोपऱ्यांच्या दोऱ्या याहून आखूड कापू नका. लूप जमिनीपासून १ मीटरवर आणि पेग त्याच्याखाली अर्ध्या मीटरवर असला, तर ओढीचा जवळजवळ ९० टक्के भाग पेगला वर उपटतो. तोच पेग दीड मीटर लांब नेला की तो भाग ५५ टक्क्यांवर येतो. घाटमाथ्यावरच्या भुसभुशीत मातीत हा फरक रात्रभर जाणवतो.

हार्डवेअरच्या दुकानातली निळी-हिरवी पॉलिप्रॉपिलीन दोरी हलकी आणि स्वस्त असते, पण या कामाला घेऊ नका. ताठ असल्यामुळे गाठ आपोआप सुटते आणि उन्हात ती ठिसूळ होते.

ओली_पहाट :
वरचा हिशेब पटतो. झोळाचं मात्र नीट समजून घ्या, नाहीतर डायनिमा लावूनही पहाटे तोच झोळ दिसेल.

पॅराकॉर्ड नायलॉनची. तुटेपर्यंत ती ३० टक्क्यांच्या वर ताणते आणि भिजल्यावर आणखी सैल पडते. पण तुमचा टार्पही नायलॉनचाच आहे. वरून सिलिकॉन असलं तरी आतला धागा ओलावा पितो आणि कापड वाढतं. दव पडायला पाऊस लागत नाही. निरभ्र रात्री, वारा पडला की मध्यरात्रीपर्यंत टार्प दोन्हीकडून ओला होतो. म्हणजे झोळ थोडा दोरीचा आणि बराचसा कापडाचा. पॉलिएस्टर किंवा डायनिमाने पहिला भाग जाईल, दुसरा राहील.

त्यावर इलाज इलॅस्टिकचा. चारही कोपऱ्यांच्या दोरीत ३ मिमी इलॅस्टिकचा १० सेंमीचा फासा घाला, पण नुसता जोडू नका. दोरीला १६-१७ सेंमीची सैल कमान ठेवून तिच्या दोन टोकांमध्ये तो बांधा. बांधताना इलॅस्टिक थोडं ताणलेलं ठेवायचं. कापड सैल पडलं की ते आखडतं आणि झोळ ओढून घेतं. मोठा झोत आला तर दीडपटीच्या आसपास ताणल्यावर दोरी सरळ होते आणि भार स्वतःवर घेते. कमान ठेवली नाही तर जोराच्या वाऱ्यात टार्प पिसासारखा फडफडतो, आणि त्या फडफडीनेच शिवण जाते. रिजच्या दोऱ्यांना इलॅस्टिक अजिबात नको, पोल डुलायला लागतात.

झोपण्याआधी एकदा सगळ्या दोऱ्या पुन्हा आवळायच्या, हे इलॅस्टिक असलं तरी सुटत नाही.

गाठोडं :
डायनिमाबद्दल. ती पाणी पीत नाही, ताणत नाही, आणि फार गुळगुळीत असते. पॅराकॉर्डवर पक्की बसणारी टॉटलाइन हिच (सरकवून ताण कमी-जास्त करायची गाठ) डायनिमावर सरकत सरकत पेगपर्यंत जाते. साधी बोलाइन (न आवळणाऱ्या फाशाची गाठ) हीसुद्धा सुटते. टार्पच्या बाजूला कायमचा फासा हवा तर दुहेरी दोरीची फिगर-एट (इंग्रजी आठच्या आकाराची गाठ) मारा आणि शेपूट ८ सेंमी तरी सोडा. त्याहून चांगलं म्हणजे स्प्लाइस. आवरण नसलेली डायनिमा पोकळ विणीची असते. दुमडलेल्या बारीक स्टीलच्या तारेने तिचं टोक तिच्याच पोटातून ओढून घेता येतं. आत गेलेली लांबी जाडीच्या ७२ पट ठेवा, म्हणजे १.७५ ला साडेबारा सेंमी. गाठच नसल्यामुळे ताकद जवळजवळ पूर्ण राहते.

पेगच्या बाजूला ट्रकर्स हिच, मालट्रकवर ताडपत्री आवळताना चालक मारतात ती. शेवटी एक नाही, दोन सुरगाठी घाला. एकच घातली तर डायनिमावर ती रात्रीत सरकते.

आगीपासून जपा. डायनिमा १४५ अंश सेल्सियसच्या आसपास वितळते, पॉलिएस्टर अडीचशेच्या वर. टार्पखाली स्टोव्ह पेटवणार असाल तर त्या बाजूची दोरी पॉलिएस्टरचीच ठेवा. याच कारणाने डायनिमाचं टोक लायटरने नीट सांधत नाही, दोऱ्याने गुंडाळून घ्यावं लागतं.

घाटवाट_०७ :
म्हणजे डायनिमा सगळीकडे नको, असं दिसतंय. रिजला डायनिमा आणि बाकी २ मिमी पॉलिएस्टर चालेल? प्लॅस्टिकचे लाइनलॉक (दोरी अडकवून ताण धरणारी बकलं) लावले तर गाठींचा प्रश्न सुटेल का? आणि सड्याचं काय?

दोरखंड :
ही वाटणी उत्तम. रिजला ताण सगळ्यात जास्त असतो आणि तिथे दोरी ताणून लांबलेली अजिबात चालत नाही. लाइनलॉक घेताना तो किती जाडीसाठी आहे ते बघा. २.५-३ मिमीसाठीच्या लाइनलॉकमध्ये १.७५ ची दोरी हळूहळू सुटत जाते, २ मिमीची गुळगुळीत असेल तर तीही. घरीच एक बसवून, दोरीवर खूण करून १५ किलोची पिशवी रात्रभर टांगा आणि सकाळी खूण सरकली का ते पाहा.

कधी दोन झाडांमध्ये अखंड रिज दोरी बांधून टार्प तिच्यावर टाकणार असाल तर ती तारेसारखी ताणू नका. मधोमध १० किलो भार असताना दोरी आडव्यापासून ५ अंशच झुकली असेल तर दोन्ही बाजूंना ५७ किलो ताण येतो. १५ अंश झुकू दिली तर १९.

कातळसडा :
सड्यासाठी वेगळा जोड ठेवा: ३ मिमीच्या जाड, स्वस्त दोरीचे ६० सेंमीचे सहा फासे. दगडाला हा फासा, त्याला बारीक दोरी. बारीक दोरी थेट बेसॉल्टच्या धारेवर बांधली तर वाऱ्यात ती करवतीसारखी मागेपुढे घासते आणि पहाटेपर्यंत आवरण फाटतं.

बांधायची पद्धत: फासा नारळाएवढ्या दगडाला घालायचा आणि त्या दगडाच्या अलीकडे, टार्पच्या बाजूला, दोरीवरच मोठा दगड ठेवायचा. लहान दगड मोठ्यामागे अडकतो. उघड्या खडकावर मोठा दगड फक्त घर्षणावर थांबतो, म्हणजे त्याच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास ओढ पेलतो. वर १६ किलोचा हिशेब आलाय, त्याला निदान ३० किलोची रास हवी. एकच धोंडा उचलण्यापेक्षा तीन-चार रचा, आणि दोरी जितकी आडवी ठेवता येईल तितकी ठेवा.

दगड सुटे, इकडेतिकडे पडलेले असतील तेच घ्या. तटबंदीचा, जोत्याचा, टाक्याच्या काठचा एकही दगड हलवायचा नाही. उचलताना पलीकडची कड आधी वर करा, खाली विंचू असला तर तो तुमच्या उलट बाजूला निघेल. सकाळी दगड होते तिथे परत ठेवा.