तापानंतर टाइप १ मधुमेह: विषाणूमुळे हे होऊ शकते का?

काठावरची:
माझ्या सात वर्षांच्या मुलीला तीन महिन्यांपूर्वी टाइप १ मधुमेहाचे निदान झाले. त्याच्या पंधरा दिवस आधी तिला ताप येऊन तोंडात आणि तळहातांवर फोड आले होते. डॉक्टरांनी हँड-फूट-माउथ सांगितले होते. तापातून उठल्यावर ती सारखी पाणी मागू लागली आणि रात्री चार-चार वेळा लघवीला उठू लागली, पण अशक्तपणामुळे होत असेल असे समजून आम्ही आठवडाभर थांबलो. निदानाच्या दिवशी साखर ४८६ आणि एचबीए१सी ११.४ होते. ही लागण तिला तीन वर्षांच्या धाकट्या भावाकडून झाली होती, त्यामुळे घरात आता सगळे ‘त्या तापानेच घात केला’ असे म्हणतात. विषाणूमुळे खरोखर मधुमेह होतो का, आणि धाकट्याची काही तपासणी करून घ्यावी का?

सावकाश:
तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर ११.४ या आकड्यातच आहे. एचबीए१सी साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते आणि केवळ पंधरा दिवसांत ती इतकी चढणे अवघड असते, म्हणजे ताप येण्यापूर्वीच साखर वाढू लागली असण्याची शक्यता बरीच आहे. टाइप १ मध्ये स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींवर शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा हल्ला करते आणि हे काम लक्षणे दिसण्याआधी कित्येक महिने, बहुतेकदा कित्येक वर्षे, गुपचूप चाललेले असते. अशा उरल्यासुरल्या पेशींवर काम भागत असताना ताप आला, की शरीराची इन्सुलिनची गरज एकदम वाढते आणि ती भागत नाही. म्हणून तापाने आजार उघडा पाडला असे फार तर म्हणता येईल. फोड येण्याच्या आधीपासून तिचे वजन घटत होते का, हे एकदा आठवून पाहा.

प्रयोगवही:
वरील मुद्दा बरोबर आहे, मात्र त्यावरून विषाणूंचा काहीच संबंध नाही असा अर्थ काढू नये. संशय आहे आणि तो जुना आहे, फक्त तो निदानाच्या आधीच्या तापापेक्षा बऱ्याच आधीच्या संसर्गावर आहे. सर्वाधिक बोट दाखवले जाते ते कॉक्सॅकी बी गटातील एंटेरोव्हायरसांकडे, म्हणजे मुख्यतः आतड्यात वाढणाऱ्या विषाणूंकडे. (हँड-फूट-माउथ बहुधा ए गटातील विषाणूंमुळे होतो, हेही इथेच सांगून ठेवतो.) १९७९ मध्ये कीटोअ‍ॅसिडोसिसने (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचून) दगावलेल्या एका दहा वर्षांच्या मुलाच्या स्वादुपिंडातून कॉक्सॅकी बी४ सारखा विषाणू वेगळा केला गेला आणि तो टोचल्यावर काही उंदरांना मधुमेह झाला. पण एका रुग्णावरून नियम ठरत नाही. त्याहून वजनदार पुरावा ‘टेडी’ या अभ्यासाचा आहे. अमेरिका, फिनलंड, स्वीडन आणि जर्मनी येथील जनुकीय जोखीम असलेल्या हजारो मुलांच्या विष्ठेचे नमुने जन्मानंतर लवकरच नियमितपणे गोळा केले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या मुलांच्या विष्ठेत बी गटातील एंटेरोव्हायरस दीर्घकाळ येत राहिला, त्यांच्यात बीटा पेशींविरुद्धची प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) पुढे अधिक आढळली. चार दिवसांत बऱ्या होणाऱ्या संसर्गाचा तसा संबंध दिसला नाही. विषाणू शरीरात रेंगाळणे हा मला यातला कळीचा मुद्दा वाटतो.

नव्याने निदान झालेल्या ९६ मुलांपैकी सुमारे निम्म्यांना प्लेकोनारिल आणि रिबाविरिन ही विषाणूरोधक औषधे सहा महिने देऊन पाहण्याचा प्रयोगही झाला आहे. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. वर्षभरानंतर औषध घेतलेल्यांचे स्वतःचे इन्सुलिन थोडे अधिक टिकले होते, पण फरक माफक होता आणि ही उपचारपद्धती अजून रूढ झालेली नाही. आणखी एक गोष्ट घरच्यांना जरूर सांगा: जनुके अगदी सारखी असणाऱ्या जुळ्यांतही एकाला टाइप १ झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असे नाही, आणि एंटेरोव्हायरसचा संसर्ग तर बालपणी जवळपास प्रत्येकालाच होतो. त्यामुळे एकट्या विषाणूला दोषी धरता येत नाही आणि तीन वर्षांच्या मुलाला तर मुळीच नाही.

दोन_सुया:
माझ्या मोठ्या मुलाला टाइप १ आहे, म्हणून धाकट्या मुलीची तपासणी आम्ही करून घेतली. रक्तात जीएडी, आयए-२, झिंक ट्रान्सपोर्टर ८ आणि इन्सुलिन या बीटा पेशींतील प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे आहेत का ते पाहतात. सख्ख्या भावंडांतील धोका शंभरात साधारण पाच इतका धरला जातो, म्हणजे बहुतेकांना हा आजार होत नाही. मात्र दोन किंवा अधिक प्रतिपिंडे सापडली, तर पुढे मधुमेह होण्याची शक्यता फार मोठी असते आणि मग डॉक्टर नियमित देखरेख ठेवतात. प्रतिपिंडांसोबत साखरही बिघडू लागली असेल, तर काही देशांत टेप्लिझुमॅब हे औषध देऊन आजार लांबवता येतो. चाचणीत तो सरासरी सुमारे दोन वर्षे लांबला होता. एकदा तपासणी ठीक आली म्हणजे कायमची खात्री असे नसते, त्यामुळे ती पुन्हा केव्हा करायची हे बालमधुमेहतज्ज्ञांनाच विचारा. दरम्यान धाकटा फार पाणी पिऊ लागला किंवा अंथरुणात लघवी करू लागला, तर आठवडाभर न थांबता त्याच दिवशी साखर तपासा.

काठावरची:
सर्वांचे आभार. धाकट्याच्या तपासणीसाठी वेळ घेतली आहे. वजनाबद्दल विचारले होते, ते आज आठवले. तापाच्या महिनाभर आधी तिचा शाळेचा स्कर्ट कमरेत सैल होऊ लागला, म्हणून मीच त्याचा हुक दोन बोटे आत घेऊन शिवला होता. उंची वाढते आहे म्हणून बारीक झाली असेल, असे तेव्हा वाटले होते.